पदविका अभ्यासक्रमातील दोन विषय : अॅपनिर्मिती आणि नेटवर्क सुरक्षा

दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन तंत्रनिकेतनात दाखल झालेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षात पोहोचतो, तेव्हा त्याचे वय साधारणतः अठरा वर्षांचे असते. संगणक अभियांत्रिकी किंवा माहिती तंत्रज्ञान या शाखेची पदविका घेणाऱ्या अशा विद्यार्थ्यापुढे अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात दोन विषय येतात. पहिला विषय मोबाईलवर चालणारे अॅप तयार करण्याचा. दुसरा नेटवर्क व माहिती यांच्या सुरक्षेचा. दोहोंची वेळापत्रके वेगळी, शिक्षक बहुधा वेगळे, प्रश्नपत्रिका तर वेगळ्याच. पहिल्या विषयाच्या तासाला विद्यार्थी दार बसवावयास शिकतो आणि दुसऱ्या विषयाच्या तासाला कुलपांचे प्रकार पाठ करतो. परंतु आपणच बसविलेल्या दाराला कुलूप आहे किंवा नाही, हे पाहण्याचा तास वेळापत्रकात कोठेच नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा न नेमलेला तास होय.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून संगणकशास्त्रात त्याचा अधिकार नाही. तथापि, माहिती गोळा करण्याच्या निमित्ताने प्रयोगशाळांतून बसण्याचा, विद्यार्थ्यांच्या वह्या चाळण्याचा आणि शिक्षकांना भोळे प्रश्न विचारण्याचा योग त्याला आला. पुढील विवेचन त्या बैठकींतून तयार झाले आहे.

अॅपनिर्मितीच्या विषयासाठी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने प्रात्यक्षिक पुस्तिका तयार केली आहे. अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन संगणकावर उतरवून घेणे, पडद्यावर एखादे वाक्य दाखविणे, बटण व रकाने मांडणे, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे, छोटा माहितीसंग्रह जोडणे, कॅमेरा व नकाशा वापरणे, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी वर चढतो. या पायऱ्यांमध्ये एक प्रयोग आहे, तो म्हणजे एसएमएस पाठविणे व आलेला एसएमएस वाचणे. प्रयोग लहान आहे. अॅपच्या जाहीरपत्रकात, म्हणजे 'मॅनिफेस्ट' नावाच्या फाईलमध्ये, एसएमएस वाचण्याची परवानगी मागावयाची. संदेश आला की फोनची यंत्रणा सर्व इच्छुकांना जी दवंडी पिटते, ती ऐकणारा एक 'रिसीव्हर' लिहावयाचा. आणि ऐकलेला मजकूर पडद्यावर दाखवावयाचा. थोड्याच ओळींत काम होते. शेजारच्या फोनवरून पाठविलेला 'नमस्कार' आपल्या अॅपमध्ये उमटला, की विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो, आणि तो उजळावा हे योग्यच आहे.

आता याच प्रयोगाची दुसरी बाजू पाहू. अलीकडच्या काळात व्हॉट्सअॅपवरून लग्नपत्रिका येते. पत्रिका चित्र नसून एपीके, म्हणजे अॅपची फाईल असते. कधी ती वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येते, कधी एखाद्या शासकीय योजनेच्या यादीच्या नावाने येते. ओळखीच्याच क्रमांकावरून आलेली असल्यामुळे घेणारा ती निःशंकपणे उघडतो. फोन दोनदा विचारतो, माणूस दोनदा 'होय' म्हणतो. त्यानंतर ते अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी घेते आणि बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर दूरच्या संगणकाकडे धाडू लागते. खात्याची इतर माहिती चोराने खोट्या अर्जातून किंवा अन्य मार्गाने मिळविलेली असते. अडलेली असते ती शेवटची कडी, आणि ती हे अॅप पुरविते. या चोरअॅपचा गाभा कोणता? तोच रिसीव्हर, तीच परवानगी, तीच दवंडी. पडद्यावर दाखविण्याऐवजी मजकूर बाहेर पाठविला, एवढाच काय तो फरक.

ज्या घरात ही पत्रिका उघडली जाते, ते घर पुष्कळदा या विद्यार्थ्याचेच असते. आईच्या बचतगटाचे पैसे, वडिलांच्या कांद्याची पट्टी, धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती, सर्व काही एकाच फोनशी जोडलेल्या खात्यात असते. विषय केवळ गुणपत्रिकेपुरता नाही, असे म्हणावयाचे कारण हेच आहे.

म्हणून एसएमएसचा प्रयोग गाळावा काय? मुळीच नाही. तो गाळल्याने चोराचे काही अडत नाही, मात्र विद्यार्थी अडाणी राहतो. प्रयोग अधिक पूर्ण करावा, हा त्यावरील उपाय आहे. एका शिक्षकांनी तो कसा पूर्ण केला, ते सांगण्यासारखे आहे. अॅप चालू झाल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न दिले. ही परवानगी तुम्ही वापरणाऱ्याकडून कोणत्या शब्दांत मागाल? तो 'नाही' म्हणाला, तर तुमचे अॅप काय करील? आणि ही परवानगी न घेता हेच काम होऊ शकेल काय? पहिल्या दोन प्रश्नांमागे इतिहास आहे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपूर्वी सर्व परवानग्या अॅप उतरवितानाच एकगठ्ठा घेतल्या जात. त्या आवृत्तीपासून नाजूक परवानग्या प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागाव्या लागतात आणि वापरणारा त्या नाकारू शकतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोधक आहे. गूगलने २०१९ पासून आपल्या प्ले स्टोअरवरील अॅपना एसएमएस वाचण्याची मुभा अतिशय मर्यादित केली. केवळ स्वतःचा ओटीपी हवा असलेल्या अॅपसाठी वेगळी सोय आहे. तीत फक्त त्या अॅपला उद्देशून आलेला संदेश त्याच्या हाती पडतो, उरलेली पेटी बंदच राहते. गरजेपुरतेच मागावे, या तत्त्वाची सुरक्षेच्या पुस्तकात मोठी व्याख्या असते. येथे तेच तत्त्व विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वीस ओळींत उतरते.

दुसरे उदाहरण प्रवेशपानाचे. नाव आणि पासवर्ड विचारणारे पान न केलेला विद्यार्थी विरळाच. वर्षाखेरीच्या प्रकल्पांतही हे पान असतेच. मग प्रकल्प ग्रंथालयाचा असो, खानावळीचा असो किंवा दूध संकलन केंद्राचा. यांतील पुष्कळ प्रकल्पांत पासवर्ड माहितीसंग्रहात जसाच्या तसा लिहून ठेवलेला आढळतो. विचारले तर विद्यार्थी सांगतो, "तो तर आमच्याच तक्त्यात आहे, कोण पाहणार?" याचे उत्तर सुरक्षेच्या विषयात 'हॅश' या प्रकरणाखाली दिलेले आहे, परंतु ते प्रकरण त्याने दुसऱ्या वहीत लिहिलेले असते.

हॅश म्हणजे काय, हे समजावताना गिरणीचा दाखला उपयोगी पडतो. ज्वारी दळली की पीठ होते. पिठातून पुन्हा दाणे काढता येत नाहीत. पासवर्ड असा दळून त्याचे पीठच तेवढे साठवावे. पुढच्या वेळी माणूस पासवर्ड देईल, तो पुन्हा दळावा आणि दोन्ही पिठे ताडून पाहावीत. साठा चोरीस गेला, तरी दाणे चोराच्या हाती लागत नाहीत. येथवर विद्यार्थी मान डोलावतो. मग शिक्षकांनी विचारावे की, चोराने नेहमीचे हजारो पासवर्ड आधीच दळून ठेवले आणि पिठे जुळवून पाहिली, तर? वर्गात शांतता पसरते. त्यावरील तोडगा असा, की दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगवेगळी अक्षरे मिसळावयाची. इंग्रजीत या मिसळीला 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात, त्यामुळे आपला दाखला आपोआप रुचकर होतो. एकच पासवर्ड असलेल्या दोघांचे पीठ आता निरनिराळे निघते आणि चोराची आगाऊ मेहनत वाया जाते. शिवाय अशा कामासाठी गिरणी मुद्दाम संथ निवडावी लागते. खऱ्या वापरणाऱ्याला एका दळणाचा उशीर जाणवत नाही, कोट्यवधी दळणे करू पाहणाऱ्या चोराला मात्र तो जड जातो.

पासवर्ड साठविला कसा, याइतकेच तो वाटेने गेला कसा, हेही महत्त्वाचे असते. यासाठीचा एक प्रयोग अत्यंत परिणामकारक असूनही त्याला खर्च नाही. शिक्षकांच्या संगणकावरून हॉटस्पॉट सुरू करावा, विद्यार्थ्याने आपला फोन त्यास जोडावा आणि स्वतः तयार केलेल्या अॅपमधून खोटे नाव व खोटा पासवर्ड साध्या 'एचटीटीपी' मार्गाने पाठवावा. संगणकावर 'वायरशार्क' हे नेटवर्कवरील वाहतूक दाखविणारे मोफत साधन चालू असते. त्याच्या पडद्यावर तो पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुरासारखा वाचता येतो. मग तेच अॅप 'एचटीटीपीएस' मार्गाने चालवावे. आता पडद्यावर केवळ अर्थहीन अक्षरे दिसतात. मात्र संदेश कोणत्या ठिकाणी गेला, हे बरेचदा दोन्ही वेळा कळते, याकडेही लक्ष वेधावे. पाकीट बंद झाले, तरी पत्ता पुसला जात नाही. २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड उघड्या मार्गाला मुळातच अटकाव करते. तेव्हा या प्रयोगासाठी तो अटकाव हेतुपुरस्सर उठवावा लागतो. घाईत असलेले विद्यार्थी हीच ओळ इंटरनेटवरून उचलून आपल्या खऱ्या प्रकल्पातही चिकटवितात आणि विसरून जातात. प्रयोग पाहिलेला विद्यार्थी निदान ती ओळ ओळखतो.

सुरक्षेच्या विषयातील कूटलेखनाचा भाग पुष्कळांना रुक्ष वाटतो. कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत 'म्लेच्छितविकल्प', म्हणजे गुप्त लेखनाची कला, गणली आहे; बोटांच्या खुणांनी बोलण्याच्या करपल्लवीचे नाव तर मराठी वाचकांना परिचित आहे. हा वारसा सांगून वर्गात थोडे कुतूहल निर्माण करता येते, परंतु पुढे पाठ इंग्रजी वर्णमालेवर जातो आणि पुन्हा रुक्ष होतो. वास्तविक सीझरच्या नावाने ओळखली जाणारी अक्षरे सरकविण्याची रीत देवनागरीत करण्यास काहीच अडचण नाही. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजने ओळीने मांडा आणि प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवा. 'क' चा 'घ' होतो, 'म' चा 'ल' होतो, 'ल' चा 'ष' होतो. म्हणजे 'कमल' हा शब्द 'घलष' असा लिहिला जातो. किल्ली तीन. आता 'घलष' हा शब्द शेजारच्या बाकावर द्यावा आणि किल्ली सांगू नये. शेजारी तेहतीस किल्ल्या एकामागून एक लावून पाहील आणि काही मिनिटांत 'कमल' वर येईल. किल्ल्यांची संख्या अल्प असेल तर कूट टिकत नाही, ही गोष्ट त्याला व्याख्येवाचून कळते. कान्यामात्रांचे काय करावयाचे, हा प्रश्न वर्गातूनच आला, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे, कारण येथून संगणक अक्षरे कशी साठवितो, म्हणजे युनिकोड, याकडे सहज जाता येते.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. किल्ली पाठवावयाची कशी? भर बाजारात, सर्वांच्या देखत, दोन माणसांना एक गुपित ठरविता येईल काय? १९७६ साली डिफी व हेलमन यांनी ते शक्य असल्याचे दाखविले. त्यांची रीत लहान संख्यांनी फळ्यावर करता येते. ११ आणि २ या संख्या सर्वांना माहीत आहेत. एकाने मनात ३ धरले. २ चा तिसरा घात ८, तो त्याने मोठ्याने सांगितला. दुसऱ्याने मनात ४ धरले. २ चा चौथा घात १६, त्यास ११ ने भागून बाकी ५, ती त्याने मोठ्याने सांगितली. आता पहिला ५ चा तिसरा घात घेतो, १२५, त्यास ११ ने भागून बाकी ४. दुसरा ८ चा चौथा घात घेतो, ४०९६, त्यासही ११ ने भागून बाकी ४. दोघांजवळ ४ आले आणि ते कोणीच उच्चारले नाही. एवढ्या लहान संख्यांत ऐकणारा थोड्या खटपटीने ते शोधील. प्रत्यक्षात शेकडो अंकी संख्या घेतात, तेथे त्याचे काही चालत नाही. प्रस्तुत लेखकाने हे गणित घरी कागदावर तीनदा केले. कलाशाखेच्या माणसास ते जमते, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

एवढे कूटलेखन असूनही चोऱ्या होतातच, कारण चोर बहुधा कुलूप फोडत नाही. तो चौकट उपटतो. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने प्रत्येक वर्गात शिकविण्याजोगा आहे. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी रक्कम काढली गेली. १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठविले गेले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. एटीएमने 'पैसे देऊ काय?' असे विचारल्यावर तो प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जावयास हवा. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा उत्तर देणारा बसविला आणि तो प्रत्येक प्रश्नाला 'द्या' असे म्हणत राहिला. विद्यार्थ्याला हे समजण्यासाठी बँकेचे ज्ञान लागत नाही. त्याच्या अॅपने सर्व्हरला प्रश्न विचारला आणि उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले, हे त्याने कसे पडताळले? प्रश्न तोच आहे, रक्कम तेवढी निराळी.

असे धडे देताना शिक्षकांच्या मनात एक भीती असते आणि ती निराधार नाही. चोरीची रीत शिकविली आणि एखाद्या विद्यार्थ्याने ती महाविद्यालयाच्याच वायफायवर करून पाहिली, तर? यासाठी कायदा शेवटच्या प्रकरणात न ठेवता पहिल्या दिवशी सांगावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरणे, त्यातील माहिती काढून घेणे यांबद्दल भरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा कलम ६६ क, म्हणजे इंग्रजी क्रमाने 'सी', खाली स्वतंत्र अपराध आहे. "गंमत म्हणून केले" या सबबीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे अठरा वर्षांच्या मुलास स्पष्ट शब्दांत सांगितलेले बरे. नोंदणी पुस्तकात लोकांची माहिती साठविणाऱ्या अॅपसंबंधी २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा अधिनियमही आता अभ्यासात यावयास हवा. कोणती माहिती कशासाठी घेतो, हे ज्याची माहिती त्याला सांगणे, हा त्याचा पाया होय.

कायद्याच्या जोडीला जागा हवी. प्रयोगशाळेतील चार-सहा जुने संगणक एका वेगळ्या स्विचला जोडून त्यांचा बाहेरच्या इंटरनेटशी असलेला संबंध तोडून टाकला, की हल्ला व बचाव यांचा सराव निर्धास्तपणे करता येतो. यासाठी नवी खरेदी फारशी लागत नाही. अॅपनिर्मितीचे मात्र तसे नाही. अँड्रॉइड स्टुडिओसाठी संगणकात किमान ८ जीबी स्मृती लागते आणि संगणकावरच आभासी फोन चालवावयाचा, तर ती अपुरी पडते. यावर विद्यार्थ्यांनीच शोधलेला मार्ग म्हणजे स्वतःचा फोन तारेने जोडणे. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' वर सात वेळा बोट टेकवावे लागते. तास संपल्यावर ही सोय बंद करावयाची असते, हेही त्याच तासाला सांगावे.

भाषेचा प्रश्न राहिला. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'ऑथेंटिकेशन' आणि 'ऑथोरायझेशन' हे दोन शब्द पाठ करतो आणि तोंडी परीक्षेत त्यांची अदलाबदल करतो. ओळख पटविणे आणि अधिकार देणे, असे म्हटले तर घोटाळा होत नाही. मंडळाने मराठी व इंग्रजी अशा द्विभाषिक अध्यापनाचा मार्ग मोकळा केला आहे. त्याचा खरा लाभ व्याख्यांच्या भाषांतरात नसून समजुतीच्या संभाषणात आहे. 'ॲप' ला 'उपयोजन' म्हणण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये. विद्यार्थ्याची आजीही आता अॅपच म्हणते.

वर ज्या शिक्षकांचा उल्लेख केला, त्यांनी सत्राच्या सुरुवातीस एक गृहपाठ दिला होता. घरातील एका फोनवरील दहा अॅप निवडावयाची आणि वहीत चार रकाने आखावयाचे : अॅपचे नाव, त्याने घेतलेल्या परवानग्या, त्यांपैकी कामाला लागणाऱ्या, आणि घरच्या माणसाशी बोलून काढून टाकलेल्या. एका विद्यार्थिनीच्या वहीत विजेरीच्या, म्हणजे टॉर्चच्या, अॅपसमोर दुसऱ्या रकान्यात 'संपर्क यादी, ठिकाण, एसएमएस' असे लिहिलेले होते. तिसऱ्या रकान्यात रेघ. चौथ्या रकान्यात 'अॅपच काढले. आईला १९३० हा क्रमांक पाठ करविला' अशी नोंद होती. पैसे गेल्याचे कळताच या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर ती रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते. हे अभ्यासक्रमात नव्हते. विद्यार्थिनीने ते स्वतः शोधून काढले होते.